त्या पितळी सापाचं पुढे काय झालं?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बायबलच्या जुन्या करारातल्या चमत्कारांवर पानभर लेख आला होता तो वाचला, मग पुढचा आठवडाभर त्यावर आलेली पत्रंही वाचली, आणि आता राहवत नाही म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, कापाकापी करायची तर करा पण सापाचा भाग तेवढा ठेवा. लेखासोबत खांबावर गुंडाळलेल्या सापाचं चित्र होतं आणि खाली ओळ होती की इस्राएली लोकांना मिसरातून म्हणजे इजिप्तातून सोडवणाऱ्या मोशेचा हा साप म्हणजेच आज दवाखान्यावर दिसणारं चिन्ह. तसं नाहीये. दवाखान्यावरचा साप ग्रीकांच्या आस्क्लेपियस नावाच्या वैद्यदेवाच्या काठीवरचा, त्याचं घराणंच वेगळं. पण ही चूक किरकोळ आहे, असं होतं. माझी तक्रार अशी की त्या सापाची अर्धीच गोष्ट छापली गेली आणि उरलेली अर्धी जास्त महत्त्वाची होती. येतो त्याकडे.

आधी वादाबद्दल. पत्रं लिहिणाऱ्यांचे सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं की मिसरातून निघताना मोशेसाठी समुद्र दुभंगला म्हणजे दुभंगला, ग्रंथात लिहिलंय, विषय संपला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की छे, ते सगळं निसर्गातच होतं, आधी मिसरवर आलेली संकटंसुद्धा, नाईल लाल झाली ती शेवाळामुळे, शेवाळामुळे मासे मेले, मासे मेले म्हणून बेडूक बाहेर पळाले, बेडूक मेले म्हणून माश्या झाल्या, माश्यांमुळे गुरांना रोग, अशी साखळी लावत थेट शेवटापर्यंत. आणि गंमत बघा, दोघंही एकच प्रश्न विचारतायत की "खरंच घडलं का आणि कसं घडलं". ज्यांनी ते लिहिलं त्यांना ह्या प्रश्नात किती रस होता हे कोणीच बघत नाही. मी ना पाद्री ना रब्बी (यहुदी धर्मगुरू) ना पुरातत्त्ववाला, डिक्शनरी मांडीवर घेऊन हिब्रू अडखळत अडखळत वाचणारा साधा माणूस आहे, पण एवढं कळायला तेवढंही पुरतं.

कारण पहिली गोष्ट म्हणजे त्या जुन्या हिब्रूत आपण ज्याला 'चमत्कार' म्हणतो, म्हणजे निसर्गाचा नियम मोडून झालेली घटना, त्यासाठी नेमका असा शब्दच नाही. निसर्गाचा नियम ही कल्पनाच तेव्हा अशी नव्हती, तर तो मोडणार कुठून. शब्द आहेत ते असे. 'ओत', हा सगळ्यात जास्त येतो, ऐंशीच्या आसपास वेळा. 'मोफेत', म्हणजे 'अद्भुत' म्हणा, तो त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि बऱ्याचदा ओतच्या जोडीनेच. आणि 'पेले', 'निफ्लाओत' वगैरे, ज्यांना मराठीत 'नवल' हा शब्द अगदी फिट बसतो. आता ओत म्हणजे काय? मराठीत बहुतेक ठिकाणी 'चिन्ह' करतात, पण मला विचाराल तर ओत म्हणजे आपली 'खूण'. साधी खूण. मेंढीच्या कानाला करतात ती, वाटेवरच्या दगडाला करतात ती, दोघांत आधी ठरवून ठेवलेली असते ती.

बघा कुठे कुठे येतो हा शब्द. 'उत्पत्ती' ह्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सूर्यचंद्र हे 'ओतोत' (ओतचं अनेकवचन) आहेत, ऋतू आणि दिवस कळायच्या खुणा. काईनाने भावाला मारल्यावर त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर केली ती ओत. नोहाला दाखवलेलं इंद्रधनुष्य ओत. सुंता ओत. शब्बाथ ओत. मिसरातून सुटकेच्या रात्री दाराच्या चौकटीला लावलेलं रक्त ओत. यरीहो शहरातल्या राहाब नावाच्या बाईने इस्राएली हेरांना लपवलं आणि बदल्यात त्यांच्याकडून 'खात्रीची ओत' मागितली. आज्ञा हाताला बांधा, तीही ओत म्हणून, असं 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे, आणि इथे तर मराठी वाचणाऱ्याला काही समजवायलाच नको, आपण 'खूणगाठ बांधणे' असंच म्हणतो. 'गणना' ह्या पुस्तकात प्रत्येक घराण्याचं निशाण असतं त्यालाही ओत. ह्यातल्या कितीतरी गोष्टींत नियम मोडणं बिडणं काहीही नाही, आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवणं ह्यात कसला आलाय चमत्कार? आणि नंतरच्या हिब्रूत तर ओत म्हणजे वर्णमालेतलं अक्षर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी डिक्शनरी बंद करून नुसता बसून राहिलो होतो थोडा वेळ. अक्षराकडे आपण बघत बसत नाही ना, ते वाचायचं असतं.

हा शब्द नुसता देवळातला नाही ह्याचा अगदी हातात धरता येईल असा पुरावा आहे. यरुशलेमच्या नैऋत्येला लाखीश म्हणून जुनं तटबंदीचं शहर होतं, तिथे १९३५ साली स्टार्की ह्या इंग्रज उत्खननकाराच्या टीमला वेशीजवळच्या खोलीच्या राखेत मडक्याच्या खापऱ्या सापडल्या, त्यावर शाईने लिहिलेली पत्रं. बाबेलचं (बॅबिलोनचं) सैन्य यहूदा, म्हणजे यरुशलेमभोवतीचं राज्य, घशात घालत होतं त्या काळातली, म्हणजे इ.स.पू. ५८७ च्या आगेमागे. चौथ्या नंबरच्या पत्राच्या शेवटी कोणीतरी आपल्या वरिष्ठाला कळवतोय की धन्यांनी दिलेल्या सगळ्या खुणांप्रमाणे आम्ही लाखीशच्या जाळाच्या इशाऱ्यावर नजर ठेवून आहोत, कारण अजेका (जवळचं दुसरं तटबंदीचं शहर) दिसत नाही. तिथे 'खुणा' ह्यासाठी हाच शब्द, ओतोत. आता काही लोक म्हणतात अजेका दिसत नाही म्हणजे ते पडलं होतं, काही म्हणतात नुसतं मधे डोंगर होता, ते असो. मुद्दा असा की रात्री तटावर उभा राहून डोळे ताणणाऱ्या शिपायाचा हा शब्द आहे. त्याला जाळ कसा पेटतो ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं, जाळ काय सांगतोय ह्याच्याशी होतं. आणि जाळाचा अर्थ आधी ठरलेला नसेल तर जाळ दिसूनही उपयोग शून्य.

आता हे डोक्यात ठेवून 'निर्गम', म्हणजे मिसरातून सुटकेचं पुस्तक, वाचा, वेगळंच दिसायला लागतं. चौथ्या अध्यायात मोशे म्हणतो लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, तेव्हा त्याला काठीचा साप, हाताला कोड अशा खुणा मिळतात, आणि तिथे एक वाक्य आहे की पहिल्या खुणेचा 'आवाज' त्यांनी ऐकला नाही तर दुसऱ्या खुणेच्या आवाजावर विश्वास ठेवतील. हिब्रूत शब्दशः 'कोल हाओत', खुणेचा आवाज. भाषांतरांत हा आवाज बऱ्याचदा गायब होतो, वाईट वाटतं. खूण बघायची नाहीच, ऐकायची आहे.

आणि जादूगारांचं काय? फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, दरबारातल्या जादूगारांनीही काठ्यांचे साप केले. पाण्याचं रक्तही केलं. बेडूकही काढले. म्हणजे देश बेडकांनी भरलाय, पलंगावर बेडूक, भट्टीत बेडूक, पीठ मळायच्या परातीत बेडूक, आणि ह्या शहाण्यांनी आपलं कौशल्य दाखवायला आणखी बेडूक काढले. (लिहिणाऱ्याला विनोदबुद्धी नव्हती असं म्हणणाऱ्याने हा अध्याय परत वाचावा.) फारोला बेडूक वाढवणारा नको होता, घालवणारा हवा होता, म्हणून तो मोशेला बोलावतो. मोशे विचारतो, कधी घालवू ते तूच सांग. फारो म्हणतो, उद्या. आज नाही, उद्या! का ते देव जाणे. पण मोशे म्हणतो ठीक आहे, तू म्हणतोस तसं, म्हणजे तुला कळेल. आणि दुसऱ्या दिवशी बेडूक मेले, लोकांनी ढीग घातले, देशभर घाण सुटली. आता ह्यात नियम कुठला मोडला? बेडूक मरतातच. खूण काय तर 'उद्या'. आधी बोललेला शब्द आणि नंतर झालेली गोष्ट ह्यांचं जुळणं.

समुद्राचंही तेच. लोक भांडतायत वाऱ्याने झालं की देवाने, अहो ग्रंथातच लिहिलंय ना की रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा वाहिला! निर्गम १४, एकविसावं वचन. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉम्प्युटर मॉडेल करून दाखवलं की ताशी शंभर किलोमीटरचा वारा बारा तास वाहिला तर नाईलच्या मुखाकडच्या उथळ पाण्यात वाट उघडी पडू शकते, आणि ते वाचून एक तट म्हणतो बघा चमत्कार नव्हता, दुसरा म्हणतो बघा सिद्ध झाला. लिहिणाऱ्याला वाऱ्याची अडचण वाटलीच नव्हती. तो वारा लपवत नाही, पहिल्या ओळीत सांगून मोकळा होतो. शिवाय तिथे पाण्याचं नाव 'याम सुफ', बोरूचा किंवा लव्हाळ्याचा समुद्र म्हणा, ते 'तांबडा समुद्र' ग्रीक भाषांतरातून आलं.

आणि ती शेवाळ, मासे, बेडूक, माश्या अशी साखळी लावणाऱ्यांना एकच सांगतो. स्तोत्र १०५ काढा. त्यात हीच संकटं आहेत पण सुरुवातच अंधारापासून होते, जो निर्गमात नववा आहे. स्तोत्र ७८ काढा, तिथे अंधार नाहीच, आणि माश्या बेडकांच्या आधी. म्हणजे खुद्द त्या लोकांनाच क्रमाचं काही पडलेलं नव्हतं, आणि आपण त्या क्रमावर सायन्सचा मनोरा उभा करतोय. बिचारे बेडूक.

ह्याउलट जिथे खूण म्हणून ठळक लिहिलंय तिथे काय असतं ते बघा. इ.स.पू. ७०१, अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची शहरं एकेक करून घेत आलाय, त्याने स्वतः कोरून ठेवलंय की यहूदाच्या राजाला, हिज्कीयाला, मी यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. अशा वेळी यशया हा संदेष्टा हिज्कीयाला खूण देतो, आणि ती काय? ह्या वर्षी आपोआप उगवेल ते खा, पुढच्या वर्षी त्यातून फुटेल ते खा, तिसऱ्या वर्षी पेरा आणि कापा, द्राक्षमळे लावा. बस्स. ही ओत! सैन्याने पेरणी बुडवलेल्या देशाला आधी दोन हंगाम काढा, तिसऱ्याला तुमच्याच हातात विळा असेल असं सांगितलंय. ह्याला चमत्कार कोण म्हणेल, पण ज्याच्या शेताची नासाडी झालीय त्याला ह्याहून मोठी खूण कुठली. आणि लक्षात घ्या, ही खूण आत्ता पटायची नाही, तीन वर्षांनी मागे वळून बघितल्यावर पटायची. मोशेला जळत्या झुडपाजवळ दिलेली खूणही अशीच उलटी आहे, तू लोकांना बाहेर काढलंस की ह्याच डोंगरावर उपासना कराल, ही तुला मी पाठवल्याची खूण. म्हणजे काम आधी, खूण मागाहून. मोशेला ह्याचा त्या क्षणी काय उपयोग झाला असेल मला अजूनही नीट कळत नाही.

त्याच यशयाचा सातवा अध्याय, ज्यावरून दोन हजार वर्षं रणं माजलीत, त्याबद्दल थोडक्यातच लिहितो कारण त्यावर लिहिलं की भांडण ठरलेलं. दमास्कसचा राजा रसीन आणि उत्तरेच्या इस्राएल राज्याचा राजा पेकह हे दोघं मिळून यरुशलेमवर आलेत, यहूदाचा राजा आहाज घाबरलाय, यशया म्हणतो खूण माग, पाताळाएवढी खोल माग नाहीतर आभाळाएवढी उंच, आणि आहाज साळसूदपणे म्हणतो मी देवाची परीक्षा बघणार नाही. तेव्हा यशया चिडून सांगतो, एका तरुणीला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल, आणि तो बरं वाईट कळण्याच्या वयाचा होण्याआधी ह्या दोघा राजांचा देश ओसाड पडेल. हिब्रूत शब्द 'आल्मा', तरुणी. ग्रीक भाषांतरात तो कुमारी असा झाला, आणि ख्रिस्ती वाचकांनी तो येशूच्या जन्माशी जोडला, ती त्यांची श्रद्धा आहे, त्यात मी हात घालत नाही. पण आहाजपुरतं बोलायचं तर खूण जन्म कसा झाला ह्यात नाहीये, पोराच्या वाढीत आहे. पोर म्हणजे घड्याळ. ही गोष्ट इ.स.पू. ७३४ च्या सुमाराची आणि दमास्कस पडलं ७३२ ला, हिशोब करा.

कधी कधी तर माणूस स्वतःच खूण होतो, आणि ती पाळी कोणावर न येवो. यशया तीन वर्षं उघडा आणि अनवाणी फिरला, मिसर आणि कूश (मिसरच्या दक्षिणेचा देश) ह्यांच्यासाठी 'ओत आणि मोफेत' म्हणून, हे शब्द तिथे जोडीने आहेत. यहेज्केल हा संदेष्टा बाबेलात कैदी असताना एका विटेवर यरुशलेमचा नकाशा काढतो, तिला मातीचे ढिगारे लावून वेढा घालतो, मधे लोखंडी तवा उभा करतो, आणि ही इस्राएलाला खूण म्हणून सांगतो. लहान मुलाचा खेळ वाटतो ना, पण तो ३९० दिवस एका कुशीवर पडून करायचा होता, मग ४० दिवस दुसऱ्या कुशीवर. त्याच यहेज्केलाची बायको वारते आणि त्याला सांगितलं जातं की रडायचं नाही, पागोटं बांध, वहाणा घाल, कारण यरुशलेम पडल्यावर तुम्हा सगळ्यांची अशीच अवस्था होणार, रडायलाही सुचणार नाही. तिथे वाक्य आहे की यहेज्केल तुमच्यासाठी मोफेत होईल. ह्या अध्यायावर 'चमत्कार' असं लेबल चिकटवून बघा, चिकटतच नाही.

आता दुसऱ्या तटाला, म्हणजे माझ्या श्रद्धाळू मित्रांना, एक प्रश्न. तुम्ही म्हणता चमत्कार हा पुरावा आहे. मग अनुवादाचा तेरावा अध्याय वाचलाय का? तिथे लिहिलंय की तुमच्यात एखादा संदेष्टा किंवा स्वप्न पाहणारा उठला, त्याने ओत किंवा मोफेत सांगितलं, आणि ते घडलंही, पण तो म्हणाला चला दुसऱ्या देवांच्या मागे जाऊ, तर त्याचं ऐकू नका, तुमची परीक्षा चाललीय. म्हणजे ग्रंथ स्वतःच कायद्यात लिहून ठेवतो की खरा ठरलेला चमत्कारसुद्धा पुरावा नव्हे! आपल्याकडे म्हणतात चमत्काराशिवाय नमस्कार नाही, तर इथे सांगितलंय की चमत्कार झाला तरी नमस्कार करायच्या आधी तो माणूस काय बोलतोय ते ऐका. पुढे अठराव्या अध्यायात बोललेलं घडलं नाही तर तो संदेष्टा खोटा अशी दुसरी कसोटी आहे. पण दोन्ही एकत्र वाचली की लक्षात येतं, न घडणं हे नापास करायला पुरतं, घडणं हे पास करायला पुरत नाही.

ह्यामागे आजूबाजूचं जगही आहे. बाबेलात खुणा वाचणं हा मोठा व्यवसाय होता, आकाशातले शकुन लिहिलेल्या सत्तरेक मातीच्या पाट्यांची मालिका होती, चंद्राला खळं पडलं तर काय, ग्रहण अमक्या महिन्यात लागलं तर काय, शिवाय मेंढीचं यकृत बघणारे वेगळे. त्यांचा शब्द 'इत्तू', ओतचाच भाऊबंद. संदेष्टा यिर्मया लोकांना सांगतो की आकाशाच्या ओतोतना घाबरू नका, राष्ट्रं घाबरतात त्यांना. म्हणजे शब्द तोच पण व्यवहार वेगळा, तिथे आभाळ आधी काहीतरी करतं आणि तज्ज्ञ मागाहून अर्थ लावतो, इथे कोणीतरी आधी बोलतो आणि मग गोष्ट घडते. अर्थात इस्राएलातही शकुन बघणारे भरपूर असणारच, नसते तर एवढं ओरडून सांगावं लागलं नसतं.

आणि चमत्काराने माणसं बदलतात हे तरी कुठे दिसतं? समुद्र ओलांडला, मन्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) खाल्ला, डोंगर थरथरताना पाहिला, आणि मोशे चाळीस दिवस दिसला नाही तर सोन्याचं वासरू ओतलं. गणनेत देव स्वतः वैतागून म्हणतो, एवढ्या खुणा केल्या तरी हे किती दिवस माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. कर्मेल डोंगरावर एलीया ह्या संदेष्ट्याने आग पाडली, लोक पालथे पडले, जयजयकार केला, आणि ईजबेल राणीचा एक निरोप आला तसा हाच एलीया जीव घेऊन रानात पळाला, झुडपाखाली बसून म्हणाला आता पुरे, मला मरण दे. पुढे होरेब डोंगरावर वारा आला त्यात देव नव्हता, भूकंप आला त्यात नव्हता, आग आली त्यातही नव्हता. आग! जी परवाच कर्मेलवर पडली होती. मग आली ती 'कोल दमामा दक्का', बारीक शांततेचा आवाज. ह्या तीन शब्दांचं समाधानकारक मराठी मला आजवर जमलेलं नाही, कोणाला जमलं तर कळवा.

आता साप. गणनेच्या एकविसाव्या अध्यायात लोक कुरकुर करतात, ह्या हलक्या अन्नाचा वीट आला म्हणतात, साप चावायला लागतात, माणसं मरतात, तेव्हा मोशे पितळेचा किंवा तांब्याचा साप करून खांबावर लावतो, जो त्याच्याकडे बघेल तो वाचतो. हिब्रूत साप 'नाहाश', तांबं पितळ 'नेहोशेत', कानाला शब्दखेळ आहे. आणि खांब? 'नेस'. म्हणजे निशाणाची काठी, सैन्य गोळा करायला टेकडीवर रोवतात ती. पुढे शेकडो वर्षांनी रब्बींच्या हिब्रूत ह्याच 'नेस' शब्दाचा अर्थ झाला चमत्कार, आणि आज इस्राएलात चमत्काराला हाच शब्द आहे. ज्या काठीवर खूण टांगली ती काठीच चमत्कार होऊन बसली, भाषा पण कशी चालते बघा.

तुमच्या लेखातला साप इथे संपला. पण तो संपत नाही. मोशेनंतर कित्येक शतकं उलटली, हिज्कीया राजा झाला, तोच पिंजऱ्यातला पाखरू हिज्कीया, आणि '२ राजे' ह्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, चौथ्या वचनात, एक ओळ येते की त्याने उंच स्थानं (टेकड्यांवरची पूजेची ठिकाणं) काढली, स्तंभ फोडले, अशेरा देवीचा खांब तोडला, आणि मोशेने केलेल्या पितळी सापाचे तुकडे तुकडे केले, कारण तोपर्यंत इस्राएली लोक त्याला धूप जाळत होते. त्याला नाव होतं नहुश्तान. त्याने दिलं की लोकांनी, हे हिब्रू वाक्यातून दोन्ही निघतं, पण आवाज ऐकला की 'तो पितळ्या' असं काहीतरी ऐकू येतं.

थांबून विचार करा जरा. ही वस्तू खोटी नव्हती. कोणा ढोंग्याने केलेली नव्हती. ग्रंथाच्या हिशोबाने देवाच्या सांगण्यावरून, मोशेच्या स्वतःच्या हाताने केलेली, माणसं वाचवलेली, इतकी वर्षं जपलेली. आज अशी वस्तू सापडली तर काचेच्या पेटीत ठेवून लोक कुठून कुठून बघायला येतील. (तिम्ना इथे, जुन्या तांब्याच्या खाणींजवळ, १९६९ साली रोथेनबर्ग ह्यांच्या उत्खननात एक तांब्याचा साप सापडलाय, १२ सेंटीमीटरचा, डोक्याला सोन्याचा मुलामा. मोशेचा नव्हे हो, पण त्या मुलखात असे साप केले जात होते एवढं कळतं.) आणि ती वस्तू राजाने फोडली, आणि ग्रंथ पुढच्याच वचनात म्हणतो की ह्याच्यासारखा राजा यहूदात आधी झाला नाही आणि नंतरही नाही. फोडल्याबद्दल शाबासकी! मला हा सगळ्या ग्रंथातला सर्वात धाडसी प्रसंग वाटतो. समुद्र फोडण्यापेक्षा हे अवघड. धूप जाळणाऱ्यांत कोणाची तरी आजी असणार, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आलेली. तिला हिज्कीयाने काय सांगितलं असेल?

रब्बींनाही हा साप बोचत होताच. इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना ह्या यहुदी नियमसंग्रहात सरळ प्रश्न आहे, साप मारतो का किंवा साप जगवतो का? आणि उत्तर, लोक वर बघून आपलं मन स्वर्गातल्या बापाकडे लावत तेव्हा बरे होत. म्हणजे वर बघायला लावण्यापुरताच खांब. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ तालमुद, त्यात तर ओव्हनच्या शुद्धतेवरून झालेल्या भांडणाची गोष्ट आहे, रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. ते म्हणतात माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल, झाड शंभर हात सरकतं. सगळे म्हणतात झाड हा पुरावा नाही. ओढा उलटा वाहतो. ओढा हा पुरावा नाही. भिंती झुकतात, तर रब्बी यहोशुआ भिंतींनाच दटावतात की विद्वानांच्या वादात तुमचं काय काम. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचंच बरोबर, आणि यहोशुआ उभे राहून म्हणतात, तोरा (मोशेचं नियमशास्त्र) आता आकाशात नाहीये. हे धार्मिक लोकांनी, धार्मिक ग्रंथात लिहिलंय बरं का! आणि बाराव्या शतकात यहुदी विद्वान मायमोनिडीस तर स्वच्छ लिहून गेला की लोकांनी मोशेवर विश्वास ठेवला तो खुणांमुळे नव्हे, ज्याचा विश्वास खुणांवर उभा त्याच्या मनात खोट राहतेच, की ही जादू तर नसेल. मन्ना कशाला, तर लोक भुकेले होते म्हणून. समुद्र कशाला, तर मिसरी मागे लागले होते म्हणून. गरज होती, केलं. संपलं.

आता माझ्याच विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगतो, नाहीतर कोणीतरी पत्र लिहून मला पकडेलच. मी म्हणतोय खूण महत्त्वाची, चमत्कार नाही. पण अलीशा ह्या संदेष्ट्याच्या गोष्टींचं काय? तिथे नियम उघड उघड मोडलेत. संदेष्ट्यांचे चेले यार्देन नदीकाठी लाकडं तोडतायत, एकाच्या कुऱ्हाडीचं पातं निसटून पाण्यात पडतं, आणि तो ओरडतो, अरेरे स्वामी, ती उसनी आणलेली होती! अलीशा विचारतो कुठे पडली, काठी तोडून तिथे टाकतो, लोखंड तरंगतं. आता हे शुद्ध नवल आहे, ह्यातून काही संदेश काढायला गेलात तर ओढूनताणून काढावा लागतो. आणि इथे ओत हा शब्दच नाही. अलीशाच्या एवढ्या गोष्टी आहेत, तेलाचं मडकं, विषारी कालवण, वीस भाकरींत शंभर माणसं, कुठेही त्याला खूण म्हटलेलं नाही, राजा अलीशाच्या नोकराला, गेहजीला, विचारतो तेव्हाही म्हणतो अलीशाने केलेली 'मोठी कामं' सांग. म्हणजे लिहिणारे शब्द सांडून टाकत नव्हते. ज्यातून काही वाचायचंय त्याला खूण, आणि ज्यात नुसती एका गरिबाची उसनी कुऱ्हाड परत मिळालीय तिथे गप्प. शेवटचं वाक्य एवढंच, की घे उचलून, आणि त्याने हात पुढे करून घेतली.

तर संपादकसाहेब, पुढच्या वेळी ते सापाचं चित्र छापाल तेव्हा खाली दवाखान्याचं काही न लिहिता '२ राजे १८:४' एवढंच लिहा. आणि जागा उरलीच तर शेजारी तुकडे काढा, चित्रकाराला जमेल.

आपला,
एक नियमित वाचक